वस्त्र ल्यालेली लेखणी

वस्त्र आणि लेखणी या मनुष्याच्या नित्य उपयोगातील दोन वस्तू. पण त्यांचे स्वभाव किती निराळे! वस्त्र मऊ असते. घालावी तशी त्याची घडी पडते, वाऱ्यावर ते फडफडते आणि रोजच्या धुण्याने हळूहळू विरत जाते. लेखणी ताठ आणि कठीण असते. बोटांचा घाम, शाईचे डाग आणि खिशातील घर्षण हे सारे सोसूनही तिचे अंग जसेच्या तसे राहावे लागते. मग मऊ वस्त्राचा तुकडा कठीण लेखणीच्या अंगावर बसवावा, तो वर्षानुवर्षे टिकावा आणि त्यातील धागा न् धागा डोळ्यांना स्पष्ट दिसावा, हे कसे शक्य व्हावे? हाताने पेने घडवणाऱ्या कारागिरांनी ही गोष्ट साध्य केली आहे. ती त्यांनी कोणत्या युक्तीने साधली, हे समजून घेण्याजोगे आहे.

आज दुकानात मिळणारी बहुतेक पेने कारखान्यात तयार होतात. एकाच साच्यातून हजारो पेने बाहेर पडतात आणि ती सगळी अगदी एकसारखी असतात. परंतु हाताने पेन घडवण्याची विद्याही जगात जिवंत आहे. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री हे गाव एबोनाइट या कठीण रबराच्या हातघडणीच्या पेनांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील रत्नम् यांनी घडवलेले पेन महात्मा गांधींनी वापरले आणि १९३५ साली त्यांना पत्र लिहून आपली पसंती कळवली. अमेरिका, इंग्लंड इत्यादी देशांत घरच्या लहानशा लेथवर पेन घडवण्याचा छंद असंख्य लोक जोपासतात. आपल्याकडे पोळपाट, लाटणी आणि भोवरे करणारा कातारी लाकूड फिरते ठेवतो आणि त्यावर पटाशी धरून त्याला गोल आकार देतो. हे छांदिष्ट लोकही त्याच रीतीने पेनाचे अंग कातून काढतात. त्यासाठी कोणी लाकूड वापरतो, कोणी शिंग वापरतो, तर कोणी रंगीत प्लॅस्टिक वापरतो. यांपैकीच काहींनी पेनाच्या शोभेसाठी कापडाचा उपयोग करून पाहिला आणि ही रीत हळूहळू रूढ झाली.

लाकडाचा ठोकळा बाजारातून विकत आणता येतो. कापडाचे मात्र नेहमीच तसे नसते. अमेरिकेत सैन्यातून निवृत्त झालेल्या सैनिकाच्या जुन्या गणवेशाचा तुकडा पेनात बसवून घेतात. कोणी वडिलांच्या आवडत्या सदऱ्याचा तुकडा कारागिराकडे घेऊन येतो, तर कोणी आजीच्या जुन्या पोशाखाचा. महाराष्ट्रातील मुलांना या भावनेचे नवल वाटणार नाही. जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची गोधडी शिवण्याची चाल आपल्या घराघरांतून पूर्वापार चालत आली आहे. लुगडे विरले म्हणून ते कोणी टाकून दिले नाही. त्याचे थर एकावर एक घालून, त्यांवर धावदोरा घालून त्याची गोधडी केली आणि नातवंडे आजीच्या लुगड्याच्या उबेत झोपली. पेनात कापड बसवण्याची कल्पनाही याच जातीची आहे. फरक इतकाच, की गोधडीला सारे लुगडे लागते आणि पेनाला त्यातील वीतभर तुकडाही पुरतो.

पण येथेच या कामातील खरी अडचण आहे. गेलेल्या मनुष्याच्या वस्त्राचा उरलेला तुकडा एकच असतो. तो बिघडला, तर दुसरा आणावा कोठून? लाकूड फुटले, तर कारागीर दुसरा ठोकळा घेतो. असा तुकडा मात्र एकदा कापला गेला, की सगळे काम वाया जाते. म्हणून या कलेतील प्रत्येक कृती त्या एका तुकड्याच्या रक्षणासाठी योजलेली असते.

कापड उघडेच पेनावर चिकटवले, तर ते थोड्याच दिवसांत मळेल, त्याचे धागे सुटतील आणि बोटांच्या घर्षणाने ते झिजून जाईल. त्यासाठी त्यावर काचेसारखे पारदर्शक कवच हवे. हे कवच रेझिनचे, म्हणजे कृत्रिम राळेचे असते. नैसर्गिक राळ झाडांपासून मिळते आणि लाख किड्यांपासून मिळते. कर्नाटकातील चन्नपट्टण येथील कारागीर लेथवर फिरणाऱ्या लाकडी खेळण्यावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि खेळण्यावर चकचकीत थर चढतो. कृत्रिम राळ रसायनशाळेत बनते. ती दोन पातळ द्रवांच्या रूपात येते. ते योग्य प्रमाणात एकत्र केले, की त्यांचे सूक्ष्म कण एकमेकांशी साखळीसारखे जोडले जातात आणि काही वेळाने सारे मिश्रण दगडासारखे घट्ट होते. मेण गोठले तर ते पुन्हा वितळवता येते. राळेचे तसे नाही. दुधाचे दही झाले, की त्याचे पुन्हा दूध होत नाही. त्याचप्रमाणे एकदा घट्ट झालेली ही राळ पुन्हा पातळ होत नाही. साहजिकच तिच्यात बसवलेले कापडही पुन्हा बाहेर काढता येत नाही.

कामाचा आरंभ कापडाच्या निवडीपासून होतो आणि येथे शाळेतील गणित उपयोगी पडते. पेनाच्या आत एक पितळी नळी असते. समजा, तिचा व्यास १० मिलिमीटर आहे. व्यासाला २२/७ ने गुणले, की परीघ मिळतो. तो सुमारे ३१.४ मिलिमीटर भरतो. कापडाची स्वतःची जाडी हिशेबात घेतली, तर नळीभोवती एक वेढा देण्यासाठी सुमारे ३३ मिलिमीटर रुंदीचा तुकडा पुरतो. म्हणजे साडेतीन सेंटिमीटरही नाही! एवढ्याशा जागेत कोणती नक्षी शोभेल, याचा विचार कारागिराला आधी करावा लागतो. पैठणीच्या पदरावरील मोर कितीही देखणा असला, तरी पेनावर त्याचे एखादे पीसच मावेल आणि ते मोराचे आहे हे कोणाला कळणारही नाही. त्याऐवजी खणाचा विचार करा. कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा आणि महाराष्ट्रात चोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला खण बारीक नक्षीचा असतो. त्यातील लहान लहान आकृत्या पेनाच्या अंगावर अखंड बसतात. मोठ्या वस्त्रावर जे डोळ्यांत भरते, ते लहान वस्तूवर हरवते. आणि वस्त्रावर जे सहज नजरेआड होते, ते लहान वस्तूवर उठून दिसते.

कापडाची जाडीही पाहावी लागते. समजा, पुरे झालेल्या पेनाचा व्यास १२ मिलिमीटर ठेवायचा आहे. आतील नळी १० मिलिमीटरची. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरच जागा उरली. कापडाची जाडी ०.४ मिलिमीटर असेल, तर त्यावरील पारदर्शक कवचासाठी अवघे ०.६ मिलिमीटर शिल्लक राहतात. कापड याहून जाड असेल, तर कवच आणखी पातळ होईल. म्हणून घोंगडीसारखे जाड कापड या कामी येत नाही; पातळ सुती किंवा रेशमी कापड उत्तम ठरते.

मग तो तुकडा नळीभोवती गुंडाळतात. वस्त्रात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे असतात. उभे धागे नळीच्या लांबीला अगदी समांतर राहिले पाहिजेत. थोडा जरी तिरकेपणा आला, तरी चौकड्यांचे किंवा पट्ट्यांचे कापड पेनावर पिळवटल्यासारखे दिसते. कडा कापण्यापूर्वी त्यांना गोंद लावून तो सुकू देतात. म्हणजे धागे सुटत नाहीत. सर्वांत महत्त्वाचा आहे तो जोड. दोन कडा एकमेकींना केवळ भिडाव्यात. एकीवर दुसरी चढता कामा नये. याचे कारण लेथच्या स्वभावात आहे. लेथवर फिरणारी वस्तू पूर्ण वर्तुळाकारच कातली जाते. जेथे कापडाचे दोन पदर एकावर एक आले, तेथे जाडी दुप्पट होते आणि पटाशी इतरत्र कापडापासून दूर असतानाच तेथे मात्र ते कापून टाकते. अनुभवी कारागीर आणखी एक चातुर्य दाखवतो. पेन खिशाला अडकवण्याची जी क्लिप असते, तिच्या बरोबर खाली तो हा जोड आणतो. त्यामुळे पेन हातात घेणाऱ्याला जोड कोठे आहे, हे शोधूनही सापडत नाही.

येथे एका धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे. काही कारागीर क्षणात चिकटणारा पातळ गोंद वापरतात. हा गोंद सुती कापडावर अधिक प्रमाणात पडला, तर त्यातून एकाएकी तीव्र उष्णता निर्माण होते. प्रसंगी धूर निघतो आणि बोट भाजते. म्हणून जाणते कारागीर तो थेंबाथेंबाने वापरतात आणि सुती हातमोजे घालून त्याला कधीही हात लावत नाहीत.

कापड बसले, की त्यावर राळ ओतायची. पण त्याआधी एक चमत्कार ध्यानात घ्यावा लागतो. फिकट निळे कापड राळेत बुडताच गर्द निळे दिसू लागते आणि पांढऱ्या कापडातून आतील पितळ डोकावू लागते! असे का व्हावे? कागदावर तेलाचा थेंब पडला, की त्या जागी कागद पारदर्शक होतो, हे सर्वांनी पाहिले आहे. कोरड्या कापडाच्या तंतूंमध्ये हवा भरलेली असते. हवा आणि तंतू यांचे प्रकाशाला वळवण्याचे गुण फार भिन्न असल्यामुळे प्रकाश त्यांच्या सीमेवर पुनःपुन्हा विखुरतो आणि कापड फिकट व अपारदर्शक दिसते. हवेची जागा राळेने घेतली, की हा भेद जवळजवळ नाहीसा होतो. कारण राळ आणि कापसाचे तंतू यांचे हे गुण बरेचसे सारखे असतात. प्रकाश मग न विखुरता आत शिरतो. पावसात भिजलेला सदरा गडद दिसतो, त्याचेही कारण हेच. यावर उपाय म्हणून कारागीर पितळी नळीला आधीच पांढरा किंवा कापडाच्या रंगाशी जुळणारा रंग देतात. शिवाय मूळ तुकड्याच्या एखाद्या निरुपयोगी कोपऱ्यावर राळेचा थेंब टाकून रंग कसा बदलतो, हे ते प्रथम पाहून घेतात. जो तुकडा एकच आहे, त्यावर पहिला प्रयोग करू नये, हा शहाणपणा त्यात आहे.

कापडाचा दुसरा शत्रू म्हणजे त्यात दडलेली हवा. राळ ओतली, की धाग्यांच्या फटींतून बारीक बुडबुडे वर येऊ लागतात. ते तसेच गोठले, तर नक्षीवर पुटकुळ्या उठल्यासारखे दिसते. म्हणून नळी आणि राळ असलेला साचा एका भक्कम दाबपात्रात ठेवतात आणि त्यात पंपाने हवा भरून वातावरणाच्या सुमारे तिप्पट-चौपट दाब निर्माण करतात. वायूवरील दाब चौपट झाला, तर त्याचे आकारमान एक चतुर्थांश होते, हा नियम रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली प्रसिद्ध केला होता. या नियमानुसार बुडबुडे आक्रसून इतके लहान होतात, की डोळ्यांना दिसेनासे होतात. आणि राळ घट्ट होईपर्यंत दाब कायम ठेवल्यामुळे ते पुन्हा फुगू शकत नाहीत. कापडात ओलावाही असता कामा नये. कापूस हवेतील ओलावा सहज शोषून घेतो आणि काही जातींच्या राळेचा पाण्याशी संयोग झाला, की कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होऊन ती फसफसते. यासाठी कापड आधी मंद उष्णतेवर पूर्ण वाळवून घेतात.

राळ पक्की झाली, की साच्यातून एक जाड कांडी निघते. तिच्या पोटात कापड गुंडाळलेली नळी असते. आता लेथचे काम सुरू होते. कांडी एका लोखंडी दांड्यावर ओवून तिच्या दोन्ही टोकांना पोलादी कडी बसवतात. या कड्यांचा व्यास म्हणजेच पुऱ्या झालेल्या पेनाचा व्यास. कांडी गरगर फिरू लागते, कारागीर पटाशीची धार तिला लावतो आणि राळेच्या लांबच लांब पातळ सालींचा ढीग जमू लागतो. प्रारंभी हात मोकळेपणाने चालतो. कांडी जसजशी बारीक होत जाते, तसतसा तो जपून चालतो. कवच पातळ होते आणि आतील नक्षी अधिकाधिक जवळ आल्यासारखी भासते. कारागीर वरचेवर यंत्र थांबवतो, व्यास मोजतो आणि मगच पुढे जातो. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरच्या अलीकडे त्याला थांबायचे असते. त्यापुढे पटाशी एक केसभर जरी गेली, तरी कापडाचा पदर कापला जाईल, धागे पिंजल्यासारखे वर येतील आणि खालच्या नळीचा रंग दिसू लागेल. त्यावर पुन्हा राळ ओतता येते; पण कापलेला धागा परत येत नाही. मातीचे भांडे घडवणाऱ्याला माती पुन्हा चढवता येते. कातणाऱ्याला केवळ काढता येते. म्हणून पटाशीला धार देण्याइतकेच कोठे थांबावे, हे जाणणेही त्याच्या विद्येत मोडते.

त्यानंतर काचकागदाने अंग घासायचे. प्रथम जरा खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक असे अनेक कागद पाण्यात भिजवून वापरतात. प्रत्येक कागद आधीच्या कागदाने पाडलेले ओरखडे पुसतो आणि स्वतःचे अधिक सूक्ष्म ओरखडे मागे ठेवतो. अखेरीस ते इतके सूक्ष्म होतात, की पृष्ठभाग काचेसारखा झळकतो. मग नळीच्या एका टोकाला निबेचा किंवा कांडीचा भाग आणि दुसऱ्या टोकाला क्लिप बसवली, की पेन तयार होते.

या रीतीने केलेल्या पेनात कापड कोठेही पटाशीला शिवत नाही. कापड पेनात आणण्याची दुसरी एक रीत आहे आणि ती याच्या अगदी उलट आहे. तिच्यात पटाशी कापडच कापते आणि त्या कापण्यातूनच नक्षी जन्माला येते. या रीतीचा उगम पेनांच्या दुनियेत झाला नाही. तो विजेच्या यंत्रांच्या कारखान्यात झाला. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ साली बेकेलाइट नावाची कृत्रिम राळ तयार केली. विजेच्या यंत्रांत प्रवाह अडवून धरण्यासाठी तोवर अभ्रकाच्या चकत्या वापरीत असत. अमेरिकेतील वेस्टिंगहाऊस कंपनीने १९१० च्या सुमारास कागदाचे आणि कापडाचे थर अशा राळेत भिजवून, त्यांवर उष्णता व दाब देऊन घट्ट फळ्या बनवल्या. त्या पदार्थाला ‘मायकार्टा’ असे नाव मिळाले. त्याच कंपनीत काम केलेल्या दोघा तंत्रज्ञांनी १९१३ साली आपला स्वतंत्र कारखाना काढला आणि आपल्या मालाला ‘फॉर्मायका’ असे नाव दिले; त्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘अभ्रकाऐवजी’ असा होतो. कापडाच्या थरांपासून केलेला हा पदार्थ इतका चिवट होता, की त्यापासून यंत्रांची दातेरी चाकेही बनवली गेली आणि ती धातूच्या चाकांपेक्षा कमी आवाज करीत.

आजचे हौशी कारागीर हा पदार्थ घरीही बनवतात. जुन्या जीनच्या विजारीचे सारख्या आकाराचे तुकडे कापायचे, एकेक तुकडा राळेत भिजवून वीस-तीस थर एकावर एक रचायचे आणि ते शिकंज्यात आवळून ठेवायचे. राळ घट्ट झाली, की ओंडक्यासारखा एक ठोकळा मिळतो. जीनच्या कापडात उभे धागे निळीने रंगवलेले आणि आडवे धागे पांढरे असतात. म्हणून तो ठोकळा कातला, की निळ्या-पांढऱ्या रेषा प्रकट होतात. थरांच्या कडा जेथे कापल्या जातात, तेथे त्या जवळजवळ आणि समांतर दिसतात. थर जेथे सपाट आलेला असतो, तेथे त्या लांबट वर्तुळांसारख्या पसरतात. नकाशात डोंगराचा चढ दाखवणाऱ्या समोच्च रेषांची येथे आठवण होते. अशा जाड्याभरड्या विजारींशी मुंबईचाही एक संबंध आहे. मुंबईतील डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडावरून इंग्रजी भाषेत ‘डंगरी’ हा शब्द रूढ झाला, असे शब्दकोशकार सांगतात.

या दोन रीती शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या रीतीत कापडाची नक्षी अखंड राहते. पण बोटाला लागते ते राळेचे गुळगुळीत कवच. वस्त्र दिसते, मात्र त्याचा स्पर्श होत नाही. दुसऱ्या रीतीत मूळ नक्षी राहत नाही. फुले, बुट्टे, चौकडी यांचे काही शेष उरत नाही. परंतु कापलेल्या धाग्यांची टोके पृष्ठभागावर येतात आणि ते अंग फार चकचकीत केले नाही, तर बोटांना किंचित खरबरीत, उबदार असे काही जाणवते. पहिली रीत वस्त्राचे रूप राखते, दुसरी त्याचा थोडासा स्पर्श राखते. दोन्ही गोष्टी संपूर्ण राखण्याची युक्ती अद्याप कोणाला साधलेली नाही. म्हणून चांगला कारागीर तुकडा हाती घेण्यापूर्वी तो आणणाऱ्याला विचारतो, की या कापडातील काय तुम्हांला जपायचे आहे? डोळ्यांपुढे राहिलेली बारीक फुले, की हाताला सवयीचे झालेले जाडेभरडे पोत? उत्तर मिळाल्यावाचून कात्री लावता येत नाही.

आणखी एक विचार करणे अगत्याचे आहे. गोधडी विरली, की तिचे सुती तुकडे कालांतराने मातीला मिळतात. राळेत बसलेले कापड मातीला मिळत नाही आणि पुन्हा वस्त्रही होत नाही. ते कायमचे पेनाचे झाले. तेव्हा नेसण्याजोगे चांगले लुगडे किंवा जपून ठेवलेली पैठणी केवळ हौसेखातर कापणे उचित नव्हे. जे वस्त्र आपले काम पुरे करून विरले आहे, त्याच्या धडक्या कोपऱ्यातून तुकडा घ्यावा. गोधडी शिवणाऱ्या आजीचाही हाच दंडक होता. ही कला शिकावीशी वाटणाऱ्या मुलांनी हेही ध्यानात ठेवावे, की पातळ राळेच्या वाफा आणि कातताना उडणारी धूळ शरीराला अपायकारक असते, दाबपात्र आणि लेथ ही यंत्रे बेसावध मनुष्याला क्षमा करीत नाहीत. म्हणून जाणत्या मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून आणि डोळ्यांवर चष्मा व नाकावर आवरण घेतल्यावाचून या कामाला हात घालू नये. नळीचा परीघ काढणे, त्यावर शोभणारी नक्षी निवडणे आणि कागदाचा तुकडा गुंडाळून जोड अचूक भिडतो का, हे पाहणे मात्र घरी बसून कोणालाही करता येईल.

अशी एखादी लेखणी तयार झाली, की तिने पत्रे लिहिली जातात, हिशेब मांडले जातात, परीक्षेची उत्तरे लिहिली जातात. लिहिणाऱ्याचे लक्ष अक्षरांकडे असते; पण लिहिता लिहिता हात क्षणभर थांबला, की नजर सहज लेखणीवर जाते. कवचाखाली वडिलांच्या सदऱ्याची निळी रेघ तशीच असते. कापड आता भिजणार नाही, विरणार नाही, त्याचे धागे सुटणार नाहीत. ते कपाटाच्या तळाशी घडी होऊन पडलेले नाही; ते रोज हातात येते आणि रोज कामाला लागते.